चार शेळ्यांसाठी गोठा बांधताना

दुधासाठी तीन-चार शेळ्या पाळायच्या ठरल्या की पहिला प्रश्न येतो, जागा किती लागेल? सर्वसाधारण हिशोब सोपा आहे. मोठ्या शेळीला छपराखाली 10 ते 12 चौरस फूट आणि त्याच्या दुप्पट मोकळं आवार. म्हणजे चार शेळ्यांना 8 बाय 6 फुटांचा गोठा भागतो. पण हा किमान आकडा झाला. कळपात जी शेळी सगळ्यात दबून राहते, तिला किती जागा मिळते यावर गोठा पुरतो की नाही ते ठरतं, असं माझं पक्कं मत आहे.

शेळ्यांमध्ये मानाची उतरंड असते. वैरणीला आधी तोंड कोण लावणार, कोरड्या जागी कोण बसणार, हे त्यांचं आपसात ठरलेलं असतं. जागा तोकडी असेल तर खालच्या शेळीला मागे सरायला वाव राहत नाही. ती अर्धपोटी राहते, तिचं दूध आटतं आणि मालक बिचारा तिचा खुराक वाढवत बसतो. तो खुराकही मारकीच खाते! गाभण शेळीला पोटात ढुशी बसली तर ती गाभडण्याची भीती असते. म्हणून मी नवख्यांना शेळीमागे 15 चौरस फूट धरायला सांगतो. शिंगं असलेल्या आणि बिनशिंगी शेळ्या एकाच कोंडवाड्यात नकोत. गव्हाणीवर प्रत्येकीला दीड फूट जागा द्या. जमल्यास दोन गव्हाणी लांब लांब ठेवा, म्हणजे एकीवरून हाकललेली दुसरीवर जाऊन खाते. आवारात एखादा ओटा किंवा जाड ओंडका टाकला तर दबलेल्या शेळीला चढून बसायला जागा होते. तो कुंपणापासून दूर हवा, नाहीतर तिथूनच उडी पडेल.

आणि एकटी शेळी कधीही आणू नका. ती ओरडून ओरडून झुरते. निदान दोन तरी हव्यात.

थंडीपेक्षा ओल आणि कोंदटपणा शेळीला जास्त बाधतो. गारठा लागेल म्हणून चारी बाजूंनी गोठा बंद केला की मुताच्या वासाने हवा जड होते, आणि खोकला, न्यूमोनिया मागे लागतो. पारखायचं तर सकाळी दार उघडल्याबरोबर आत गुडघ्यावर बसा. शेळीच्या नाकाच्या उंचीवर तुमचे डोळे चुरचुरले तर छताजवळ हवेला वाट हवी. वारा वरून वाहावा, बसलेल्या शेळीच्या अंगावर थेट येऊ नये. जमीन आजूबाजूपेक्षा उंच, उताराची, मुरूम चोपलेली ठेवा. गुळगुळीत फरशीवर शेळ्या घसरतात. फळ्यांचा उंच माचा केला तर लेंड्या खाली पडतात आणि बसायची जागा कोरडी राहते, मात्र करडांचे पाय फटीत अडकणार नाहीत एवढं बघा.

गव्हाण जमिनीपासून उंच हवी. पायाखाली तुडवलेली, लेंड्या लागलेली वैरण शेळी सहसा खात नाही, आणि खाल्ली तर जंत होतात.

कुंपण निदान चार फूट, जाळीचं. शिंगं अडकतील एवढ्या मोठ्या चौकोनांची जाळी घेऊ नका.

वेगळ्या खणाची सोय सुरुवातीलाच ठेवा. शेळी साधारण 150 दिवसांत विते आणि तेव्हा तिला 4 बाय 5 फुटांचा कोरडा खण लागतो. तो एरवी आजारी किंवा नव्या शेळीसाठी कामी येतो. मधली भिंत जाळीची केली तर आतल्या शेळीला बाकीच्या दिसतात आणि ती घाबरत नाही. धार मात्र गोठ्याबाहेर, स्वच्छ जागी काढावी. दीड फुटाचा ओटा असला की आपली पाठ वाचते आणि कासही नीट दिसते. चार शेळ्यांसाठी बोकड पाळण्याच्या फंदात पडू नये. त्याला स्वतंत्र गोठा लागतो आणि माजाच्या दिवसांत त्याचा उग्र वास दुधाला लागतो. शेळी माजावर आली की बाहेरचा बोकड दाखवलेला बरा.

राहिली खुराकाची कोठी. तिच्या दाराला दोन कड्या लावा, आणि त्यातली एक शेळीचं तोंड पोचणार नाही इतकी उंच. साधी कडी त्या जिभेने, ओठाने उघडतात, आणि पोटभर धान्य खाल्लेली शेळी एका रात्रीत दगावू शकते.