टॅकोमीटर लावण्याआधी आकडा सांगा

इलेक्ट्रिशियन ट्रेडची दोन वर्षं संपवून मी धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये मेन्टेनन्सला लागलो, तेव्हा दसरा नुकताच झाला होता आणि आवारात कापसाच्या गाड्या यायला लागल्या होत्या. टॅकोमीटर, म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टचे फेरे मोजायचं यंत्र, मी आयटीआयच्या कपाटात पाहिला होता, एका प्रॅक्टिकलला हाताळलाही होता. पण चालू कारखान्यात तो धरायचा कसा, हे तिथंच शिकलो. या कामात नवीन येणाऱ्या मुलांसाठी ते लिहितोय.

पहिल्याच आठवड्यात आप्पांनी, म्हणजे आमच्या हेड फिटरनी, यंत्र हातात दिलं आणि सगळ्या मोटरींचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, रजिस्टरला मांडायला सांगितले. कापूस ओढणाऱ्या ब्लोअरपासून सुरुवात केली. मोटर बंद करून शाफ्टवर चकाकणारी पट्टी चिकटवली, मोटर चालू करून लाल ठिपका पट्टीवर धरला. आकडा आला २८८८. अगदी स्थिर, एक-दोनचासुद्धा फरक नाही. मी लिहून टाकला.

संध्याकाळी आप्पांनी रजिस्टर पाहिलं आणि मला परत त्या मोटरपाशी नेलं. नेमप्लेट पुसली. त्यावर १४४० होतं. मग शाफ्टवर बोट फिरवून दाखवलं. पट्टीच्या बरोबर समोरच्या बाजूला कीवे, म्हणजे पुली अडकवायची खाच, होता आणि त्याची घासलेली कड आरशासारखी चमकत होती. एका फेऱ्यात उजेड दोनदा परत येत होता, एकदा पट्टीवरून आणि एकदा कीवेवरून. यंत्र बिचारं दोन मोजत होतं. आप्पांनी शाफ्टला काळ्या इन्सुलेशन टेपचा एक पूर्ण वेढा दिला, त्यावर पट्टीचा बोटभर तुकडा लावला आणि चालू करण्याआधी मला विचारलं, “पह्यले सांग, किती येई? मंग लाव.” मी म्हणालो, १४४० च्या आसपास. आले १४४४.

मला आजही वाटतं की तो २८८८ फार फसवा आकडा होता. दोन पोलची, म्हणजे आत दोन चुंबकी ध्रुव तयार होणारी, मोटर खरोखरच २८८० च्या आसपास फिरते. त्यामुळे तो आकडा डोळ्याला खुपलाच नाही. ४३०० आला असता तर मी थांबलो असतो. म्हणून नवीन मुलांना मी आधी हेच सांगतो: आकडा दिसायच्या आधी तो किती यायला हवा हे तोंडाने सांगा. सांगता येत नसेल तर यंत्र खाली ठेवा आणि नेमप्लेट वाचा.

सांगता येण्यासाठी फार गणित लागत नाही. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी, भागिले पोलची संख्या. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून दोन पोलला ३०००, चार पोलला १५००, सहाला १०००, आठला ७५०. हा झाला सिंक्रोनस वेग. इंडक्शन मोटर त्याच्या थोडी मागेच राहते, कारण मागे राहिली तरच रोटरमध्ये करंट तयार होतो आणि जोर येतो. या मागे राहण्याला स्लिप म्हणतात. १५०० ला ६० फेरे मागे, म्हणजे ४ टक्के. नेमप्लेटवरचा १४४० तिथून येतो, आणि तो पूर्ण भाराचा असतो. पट्टा काढून मोटर रिकामी चालवली तर १४९० च्या पुढे जाते. पण सरळ लाइनवर रिकाम्या मोटरीने १५२० दाखवले तर मोटरीवर नाही, मोजणीवर शंका घ्या. कारण देशभरच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असा नियम आहे. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात टर्बाइनचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतो, तोही याच ५० हर्ट्झला बांधलेला. आपल्या शेडमधली चार पोलची मोटर त्याच्या निम्म्याला, म्हणजे १५०० ला, गाठू पाहते आणि थोडी कमी पडते. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता.

या रिकाम्या मोटरीचा आणखी एक उपयोग आहे. आपला टॅकोमीटर बरोबर दाखवतो की नाही, हे ताडून पाहायला जवळ दुसरं काही नसेल तर चार पोलची चांगली मोटर रिकामी चालवा. १५०० च्या जरा खाली आकडा आला की निर्धास्त कामाला लागा. व्हीएफडी, म्हणजे हर्ट्झ बदलून मोटरीचा वेग बदलणारं यंत्र, लावलेल्या मोटरीला मात्र हा हिशोब तसाच लावू नका. तिथं आधी डिस्प्लेवरचे हर्ट्झ पाहा. ४० हर्ट्झला चार पोलचा वेग १२०० होतो. आणि बऱ्याच व्हीएफडींवर दिसणारा आरपीएम हा हिशोबाने काढलेला असतो, मोजलेला नसतो.

फसवणारी दुसरी गोष्ट म्हणजे ट्यूबलाइट. चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण उजेडावर चालणाऱ्या टॅकोमीटरला कळू शकतं. रात्रपाळीत एका पंख्याचा आकडा सारखा ६००० च्या आसपास येत होता. १०० गुणिले ६० केल्यावर उलगडा झाला. ट्यूबकडे पाठ करून, अंगाची सावली पाडून परत घेतला तेव्हा खरा आकडा आला. असा ६००० दिसला की आधी वर बघा. पंख्याची पाती चकचकीत असतील तर तेही तसंच: चार पाती, चौपट आकडा.

आता जिथं मला सर्वांत जास्त शिकायला मिळालं तो भाग, पट्टा आणि पुली. दुसऱ्या हंगामात ब्लोअरची ओढ कमी झाली, पाइपात कापूस तुंबायला लागला. मोटर १४४४ देत होती, म्हणजे मोटरीचा दोष नाही. मोटरीची पुली ६ इंची, पंख्याची ४ इंची. १४४४ गुणिले ६ भागिले ४, म्हणजे २१६६ यायला हवेत. पंख्याच्या शाफ्टवर आले २०२०. जवळजवळ ७ टक्के वेग पट्ट्यातच हरवत होता. व्ही-पट्टा नीट ताणलेला असेल तर एक-दोन टक्के सुटतात, सात नाही. मोटर बंद करून पुलीच्या खाचेजवळ हात नेला तर धग लागली. पट्टे घासून खाचेच्या तळाला टेकले होते, बाजूंची पकड गेली होती. पूर्ण सेट बदलला तेव्हा पंखा २१३० ला आला आणि तुंबणं थांबलं.

सात टक्क्यांनी एवढा फरक का पडावा? पंख्याची हवा फेऱ्यांच्या प्रमाणात बदलते, पण दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग ७ टक्के कमी झाला की दाब १३-१४ टक्के कमी होतो, आणि कापूस ओढायला दाबच लागतो. मोटरीवरचा भार तर घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून कोणी म्हणालं की मोटरीची पुली मोठी टाका, पंखा जोरात फिरेल, तर आधी कागद घ्या. वेग १० टक्के वाढला तर भार ३३ टक्के वाढतो. अशी मोटर जळून वाइंडिंग भरायला गेलेली मी पाहिली आहे. तिथं पुली बदलण्याआधी आणि बदलल्यावर कोणीच मोजलं नव्हतं. पाण्याच्या पंपालाही साधारण हाच नियम लागतो. केळीच्या बागेवर ट्रॅक्टरच्या पट्ट्याने पंप चालवणाऱ्यांना हे समजावून सांगायला मला मनापासून आवडतं.

जिनच्या रोलरची गोष्ट वेगळी. तिथं नुसता आरपीएम पुरत नाही. रुई सरकीपासून ओढून काढतो तो रोलरचा पृष्ठभाग, आणि रोलर हंगामभर झिजत जातो. समजा रोलर मिनिटाला १०० फेरे घेतो. व्यास १८० मिमी असेल तर पृष्ठभाग मिनिटाला साधारण ५६.५ मीटर सरकतो. झिजून १६० मिमी झाला तर ५०.३ मीटर. टॅकोमीटर दोन्ही वेळा १०० च दाखवणार, पण उत्पादन घटलेलं असणार. यासाठी टॅकोमीटरसोबत छोटं चाक मिळतं. त्याचा घेर बहुतेक १० सेंटिमीटर असतो, म्हणजे एका फेऱ्याला ०.१ मीटर. ते पृष्ठभागाला टेकवून सरळ मीटर मोजता येतात. मात्र चाक रोलरच्या दिशेत सरळ धरायचं. तिरपं धरलं की आकडा कमी येतो.

शाफ्टला टेकवून मोजायचं रबरी टोक वापरताना शाफ्टच्या तोंडावर लेथचं सेंटर, म्हणजे मधोमध छोटा खळगा, असतो तिथं ते बसवा आणि यंत्र शाफ्टच्या रेषेत धरा. दाब अगदी बेताचा हवा. कमी पडला तर टोक घसरतं आणि आकडा कमी येतो. फार दाबलं तर लहान मोटरीचा वेगच आपण खाली आणतो.

सुरक्षिततेवर मी कोणाचंही ऐकून घेत नाही. गळ्यात रुमाल नको, बाही सुटी नको. पट्टी लावायची तर मोटर बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. स्टार्टरवर कोणाला उभं करून “मी सांगतो तेव्हा चालू कर” हे चालणार नाही. जिनिंगच्या आवाजात “नको” आणि “हो” सारखंच ऐकू येतं. गार्ड काढावा लागत असेल तर लांबून मोजणारं यंत्र वापरा. लेसरचा ठिपका कोणाच्या डोळ्यावर जाऊ देऊ नका.

विकत घ्यायचा असेल तर लांबून आणि टेकवून, दोन्ही प्रकारे मोजणारा घ्या. शेवटचा, कमाल आणि किमान आकडा लक्षात ठेवणारा असावा, कारण अडचणीच्या जागी मोजताना डिस्प्ले दिसत नाही. पट्टीचा जादा रोल सोबत ठेवा. रजिस्टरला मी पाच रकाने आखतो: तारीख, मशीन, नेमप्लेट, अंदाज, मोजलेला. क्लॅम्प मीटरचा अँपिअरचा आकडाही शेजारी लिहितो, कारण वेग उतरला आणि अँपिअर चढले तर भार वाढलाय किंवा व्होल्टेज पडलंय, आणि वेग तोच राहून अँपिअर उतरले तर पुढे कुठंतरी पट्टा सुटतोय.

हंगाम संपला की यंत्रातले सेल काढून ठेवा. जिनिंग बंद असते त्या पावसाळ्यात ते आत फुटतात, संपर्काच्या पट्ट्या हिरव्या पडतात, आणि पुढच्या दसऱ्याला पहिल्याच दिवशी यंत्र चालू होत नाही.