पोझेबल फिगर घ्यायची की स्टॅच्यू, ठरवायचं कसं

कॉमिक्स, सिनेमा, अॅनिमेतल्या कॅरेक्टरच्या फिगर आणि स्टॅच्यू जमवणाऱ्या नवीन कलेक्टरला हा प्रश्न पडतोच. कॅरेक्टर एकच, त्याची हातपाय हलणारी फिगरही मिळतेय आणि एकाच पोझमधला स्टॅच्यूपण मिळतोय, आता काय घ्यायचं? कोणालाही विचारलं की उत्तर येतं दोन्ही भारी आहेत, मनाला पटेल ते घे. अरे पण दोन्ही पटतात म्हणूनच तर विचारतोय ना. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे बघा की वस्तू घरी आल्यावर तुम्ही तिचं करणार काय. पहिल्या दिवशी नाही, पहिल्या दिवशी सगळेच तासभर हातात घेऊन बसतात. चार-सहा महिन्यांनी काय. कपाटाजवळून जाताना मान जरा वळवूया, हातातली तलवार बदलूया असं वाटतं का, का लांबून बघूनच मन भरतं? ज्याचा हात शिवशिवतो त्याला स्टॅच्यू थोड्याच दिवसात मुका वाटायला लागतो. आणि ज्याला नुसतं बघायचंय त्याची फिगर पहिल्या दिवशी दिलेल्या पोझमध्येच वर्षानुवर्षं उभी राहते, म्हणजे पैसे मोजले सांध्यांचे आणि वापर झाला शोपीसचा, तेवढ्याच पैशात दिसायला कितीतरी सरस स्टॅच्यू आला असता. तुमच्याकडे आधीच एखाद-दोन फिगर असतील तर आठवून बघा शेवटची पोझ कधी बदलली होती. उत्तर तिथेच मिळेल.

आता स्टॅच्यू सरस का दिसतो ते समजून घ्या, कारण खरा फरक इथे आहे. सांधा बसवायचा म्हणजे शरीर त्या जागी कापावं लागतं. खांद्याकडे नीट बघा. आपण हात डोक्यावर नेतो तेव्हा नुसता हात वर जात नाही, खांदा उचलला जातो, छातीचा स्नायू ताणला जातो, काखेत खळगा पडतो, मान थोडी आखडते. फिगरमध्ये हे सगळं एका बॉल जॉइंटवर (गोळीसारखा फिरणारा सांधा) आणि फार तर आत बसवलेल्या बटरफ्लाय जॉइंटवर (खांदा पुढे-मागे सरकवणारा सांधा) भागवायचं असतं, त्यामुळे हात वर केला की फट दिसते, छाती मात्र हात खाली असल्यासारखीच राहते. स्टॅच्यूत शिल्पकाराने तो एकच क्षण धरलेला असतो, वजन एका पायावर, त्यामुळे कंबर तिरकी, कंबर तिरकी म्हणून कपड्याच्या चुण्या त्याच बाजूला ओढलेल्या, रंगाचं शेडिंगपण मांडीपासून पोटरीपर्यंत सलग, मध्ये गुडघ्याची रेघ नाही. हे सुख फिगर देऊच शकत नाही, कितीही महाग घ्या.

पण तो क्षण तुमच्या मनातला हवा! हा मुद्दा लोक विसरतात. कॅरेक्टर तुम्हाला कशामुळे आवडतं? सिंहासनावर शांत बसलेला राजा किंवा भलीमोठी केप वाऱ्यावर उडणारा हिरो असं एकच चित्र डोळ्यासमोर येत असेल तर स्टॅच्यू घ्या, केप तर स्टॅच्यूतच शोभते. पण भिंतीवर चढणारं, उड्या मारणारं, दर सीनला वेगळ्याच अवतारात दिसणारं कॅरेक्टर असेल तर त्याला एका पोझमध्ये गोठवून ठेवायला माझा तरी जीव होत नाही. तसंच एकमेकांशी भिडणारी दोन कॅरेक्टर हवी असतील, फोटोग्राफी करायची असेल, तर फिगरच. बदलायचे चेहरे, पाच-सहा जोड्या हात, इफेक्ट पार्ट्स (आग, वीज, धूर दाखवणारे जोडायचे तुकडे), ह्यात जी मजा आहे ती वेगळीच.

फिगरमध्ये पण सगळं एका मापाचं नसतं. १९६४ चा अमेरिकन सैनिक-बाहुला जी आय जो जवळपास १२ इंची होता आणि पोरांनी खेळावं म्हणूनच बनवलेला. आजच्या कलेक्टर फिगर वेगळ्या. फिग्मा आणि एस एच फिगुआर्ट्स ह्या दोन्ही जपानी लाइन २००८ ला सुरू झाल्या, त्या साधारण १/१२ स्केलच्या (खऱ्या उंचीच्या बाराव्या भागाच्या) आसपास, म्हणजे १५ सेंटीमीटर धरा. पोझिंगची खरी मजा ह्या साइजला आहे, हातात नीट मावते, वजन कमी त्यामुळे स्टँडवर हवेत उडतानापण लावता येते. १/६ म्हणजे साधारण ३० सेंटीमीटर, हॉट टॉइज वगैरे कंपन्यांच्या, इथे खरे कापडाचे कपडे येतात आणि सांधे त्याखाली झाकले जातात, चेहरा तर इतका जिवंत की बघत राहावं. वाटतं की दोन्हीचा फायदा एकातच मिळाला. तसं पूर्ण नाही. टाइट रबरी सूट किंवा नकली लेदर असेल तर गुडघा वाकवून महिनोन् महिने ठेवला की तिथे कायमची चुणी पडते, पुढे चीर जाते. त्यामुळे असे पीस बरेच लोक सरळ उभेच ठेवतात. नकली लेदर तर दमट हवेत काही वर्षांनी आपोआप सोलायला लागतं, अगदी बॉक्समध्ये ठेवलं तरी. १/६ घेताना कपडा कशाचा आहे हे चेहऱ्याइतकंच लक्ष देऊन बघा.

स्टॅच्यूमध्ये मटेरियल बघायचं. पीव्हीसी प्लास्टिकचा असेल तर हलका, पडला तरी बहुतेक वाचतो, पण उष्णतेत मऊ पडतो आणि एका पायावर उभा असेल तर हळूहळू कलायला लागतो. बंद जागेत राहिला तर अंगाला चिकटपणा येतो, तो प्लास्टिक मऊ ठेवायला घातलेला पदार्थ बाहेर झिरपल्यामुळे. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून मऊ ब्रशने धुवा, जातो, नंतर थोडी हवा लागू द्या. पॉलिस्टोन म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पावडर, हाताला थंड आणि जड लागतो, डिटेल अप्रतिम येतं, उन्हाळ्यात वाकत नाही. पण आपटला की कप फुटावा तसा फुटतो, बोटं आणि तलवारीचं टोक आधी. घरात लहान मुलं किंवा मांजर असेल तर पॉलिस्टोन उघड्या शेल्फवर नकोच. ऊन दोघांनाही वाईट, पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, रंग उडतात.

जागेचं गणित कागदावर करा. १/४ चा स्टॅच्यू बेससकट सहज ४५ ते ६० सेंटीमीटर उंच जातो, आणि लोक फक्त उंची मोजतात, मागे पसरलेली केप आणि बाजूला आलेला भाला मोजतच नाहीत. खोली आणि रुंदीपण मोजा. काचेचं शेल्फ किती वजन पेलतं ते बघा. शिवाय बॉक्स. फिगरचा बॉक्स चपटा, कुठेही सरकतो, स्टॅच्यूचा थर्माकोलसकट बॉक्स अख्खं कपाट खातो आणि तो टाकता येत नाही, कारण घर बदलताना किंवा विकताना त्या साच्याशिवाय पीस नीट पोचत नाही. उघडताना थर लागलेत तसेच फोटो काढून ठेवा, परत भरताना हमखास उपयोग होतो. जागा कमी पण स्टॅच्यूच हवा असेल तर १/१० बघा, आयर्न स्टुडिओज वगैरे कंपन्यांचे, छोट्या शेल्फवर पण मस्त बसतात.

पैशाचं एवढंच सांगतो, फिगर एकेकटी स्वस्त वाटते पण ती टीम मागते. एक घेतली की जोडीदार हवा, मग व्हिलन, मग वाहन. स्टॅच्यू एकटा शोभतो. वर्षभराचा आकडा ठरवून त्यात दोन्ही बसवून बघा म्हणजे खरी तुलना होते.

देखभाल सोपी कोणाची? धूळ दोघांवर बसते, मेकअपचा मऊ ब्रश पुरतो, काचेचं दार असेल तर उत्तमच. फिगरला मात्र हात सांभाळून लावावा लागतो. नवीन फिगरचं मनगट घट्ट असेल तर जोर लावू नका, हेअर ड्रायरने काही सेकंद कोमट करा, पेगच्या (तळवा मनगटात अडकवणारी छोटी खुंटी) अगदी जवळ दोन बोटांनी धरा आणि सावकाश मागेपुढे फिरवा. सुटलं की कळतं. तळव्याला धरून पिळलं तर पेग आत तुटतो आणि मग तो काढणं फार कटकटीचं. सांधा सैल पडला असेल तर बॉलवर क्लिअर फ्लोअर पॉलिशचा पातळ थर देऊन पूर्ण वाळवायचा, पकड परत येते. एलईडी असलेला पीस असेल, फिगर काय आणि स्टॅच्यू काय, लावत नसाल तेव्हा बॅटरी काढून ठेवा, गळली की आतलं सर्किट जातं.

एवढं करूनही मन ठरत नसेल तर अदलाबदलीचं डोकं किंवा हात येणारे स्टॅच्यू मिळतात ते बघा, पण एक डोकं लावल्यावर दुसरं कुठे ठेवणार ते आधी ठरवा. आणि ऑर्डर देण्याआधी कंपनीचे नाही, घेतलेल्या लोकांनी घरच्या उजेडात काढलेले फोटो शोधा. स्टॅच्यूचे डोळे आणि रंगाच्या कडा बघा, फिगरचा वाकलेला गुडघा बघा.