मेणवलीला जायचं तर ऊन बघून निघा

पुण्याकडच्या गाड्या वाई ओलांडून सरळ पसरणी घाटाला लागतात. सगळ्यांना महाबळेश्वरची घाई. तुम्ही वाईलाच उतरा. कृष्णाकाठची मेणवली तिथून जेमतेम तीन किलोमीटर.

जायचं हिवाळ्यात, आणि पहाटे. स्वारगेटहून एसटी धरा आणि ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी पकडा, नाहीतर खंबाटकीपर्यंत ऊन डोळ्यांवर. वाई स्टँडवरून रिक्षा करता येते, पण गुडघे धड असतील तर चालाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये या भागात हळद शिजवून वाळत घालतात. ती पिवळीधमक नसते, मातकट दिसते. हळकुंड मोडलं की आत केशरी. मी चित्रकला शिकवायचे, त्यामुळे अशा रंगांपाशी माझा वेळ जातो.

आधी नदीचा घाट, मग नाना फडणवीसांचा वाडा. काळा दगड दुपारी इतका तापतो की देवळापाशी चपला काढल्यावर पाय ठेववत नाही. पिशवीत जाड मोजे असू द्या. पोरं हसतील, हसू द्यात. घाटावर बायका धुणं धूत असतात. विचारल्याशिवाय फोटो नको. मी वही उघडली तर एक आजी म्हणाल्या, “आमचं नगं, देवळाचं काढा.” काढलं.

मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा मात्र निवांत बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा हाती आलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी ही एक. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत, १७०७ हे सालही आहे. लोक फोटो काढून निघतात, साल कोणी वाचत नाही.

वाडा सहा चौकांचा. उन्हातून आत गेलं की काही दिसत नाही. दोन मिनिटं नुसतं उभं राहा, मग भिंतींवरची चित्रं उमटायला लागतात. फ्लॅश मारू नका आणि रंगाला बोट लावू नका. वाडा खासगी आहे, तेव्हा आत जाण्याआधी विचारायचं.

डबा घरून न्या, नाहीतर वाईत जेवा. वेळ उरलाच तर वाईचा ढोल्या गणपती आहे, रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेला. परतताना महाबळेश्वरहून येणाऱ्या गाडीची वाट बघू नका. रविवारी संध्याकाळी ती खच्चून भरलेली असते. वाईहूनच सुटणारी गाडी विचारून घ्या.