केअरटेकरचं मोफत ट्रेनिंग घेताय? या चुका टाळा

नाशिकला पंचवटीतल्या आमच्या वर्गात प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "मॅडम, सर्टिफिकेट कधी मिळणार?" विचारण्यात गैर काही नाही. गंगापूर रोड, कॉलेज रोडला कितीतरी घरांत मुलं बाहेरगावी आणि मागे ऐंशीच्या घरातले आईवडील राहतात. वृद्धाश्रमांनाही माणसं हवीच असतात, त्यामुळे काम मिळतं. पण कागद घेऊन गेलेली मुलगी चार दिवसांत ड्यूटी सोडून परत आली की मला फार वाईट वाटतं. कारण ती जिथे अडली, ते शिकता येण्यासारखंच असतं.

प्रवेश घेताना

प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून सुरू आहे. तिच्यातला 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हा कोर्स याच कामाचा, आणि घरी जाऊन सेवा करायची असेल तर 'होम हेल्थ एड'. नोंदणी स्किल इंडिया डिजिटल हब या सरकारी पोर्टलवर होते. मोफत म्हणून बोलावून कुणी फी मागितली किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेतो म्हणालं, तर तिथून सरळ उठा. झेरॉक्स द्या, मूळ कागद देऊ नका.

आणखी एक विचारा: सीपीआरच्या, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याच्या, सरावाला पुतळे किती आहेत? चाळीस जणींत एक पुतळा आणि प्रत्येकीला एक मिनिट असेल, तर तुम्ही सीपीआर नुसता बघून येणार.

सीपीआरमधल्या चुका

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पेठ तालुक्यातून आलेली एक मुलगी शेतात राबलेली, हाताला भरपूर ताकद. तरी पुरेसं खोल दाबलं की येणारा पुतळ्याचा 'टिक' आवाज काही येईना. ती गुडघ्यांवर मागे बसून, कोपरं वाकवून दाबत होती. मी तिला पुढे सरकवलं, खांदे बरोबर तळहातांच्या वर आणले, कोपरं ताठ ठेवायला सांगितली आणि कमरेतून वजन टाकायला लावलं. पुढच्याच दाबाला टिक झालं. ती इतकी हसली की मोजायचंच विसरली.

मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंमी खाली जायला हवी, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तळहात छातीच्या मधोमध, तिथल्या उभ्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवायचा. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दमल्यावर पुष्कळ जणी हातांवर रेलतात, मग छाती वर येत नाही आणि हृदयात रक्तच भरत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी दुसऱ्याला पुढे घ्या. गादीवर दाबू नका, गादीच खाली जाते. माणसाला जमिनीवर घ्या.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे आचक्यांना श्वास समजणं. हृदय बंद पडल्यावर माणूस काही मिनिटं मधूनच तोंड उघडून आचके देतो, घशात घरघर होते. घरचे म्हणतात, "श्वास चालू आहे," आणि मोलाची मिनिटं जातात. हाक मारून, खांदे हलवूनही हालचाल नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर लगेच १०८ लावा, फोन स्पीकरवर ठेवा आणि दाबायला लागा. नाडी शोधत बसू नका. तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाब आणि २ श्वास. नसाल तर नुसतं दाबत राहा. म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडेल ही भीती खोटी नाही, कधी मोडतेही. तरी थांबू नका.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा कोंबू नका. कुशीवर वळवा आणि किती वेळ फिट होती ते घड्याळात बघा.

उठवणं, कपडे, जेवण

काखेत हात घालून ओढू नका. त्यात आजोबांचा खांदा दुखावतो आणि तुमची कंबर जाते. त्यांना पलंगाच्या कडेला बसवा, पाय जमिनीला टेकू द्या, मिनिटभर थांबा. एकदम उठवलं तर चक्कर येते. व्हीलचेअरचे ब्रेक आधी लावायचे. अर्धांगवायू असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची.

सदरा घालताना अधू हात आधी, काढताना चांगला हात आधी. हे उलटं झालं की आजी कळवळतात. मग "आजी आंघोळीला त्रास देतात" अशी तक्रार आपणच करतो.

पेज भरवताना माणूस सरळ बसलेला हवा आणि जेवणानंतर अर्धा तास तसाच. आडवं ठेवून भरवलं की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदला. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली लटकवा. उचलून पलंगावर ठेवली की लघवी उलटी जाते.

डायपर बदलताना दार लावा, चादर ओढा आणि "आजोबा, आता बदलूया का?" असं विचारा. आयुष्यभर घर चालवलेल्या माणसाला स्वतःला परक्या हातात द्यावं लागतंय, हे लक्षात असू द्या.

ड्यूटीवर

शुगर वाढलेली दिसली म्हणून स्वतःच्या मनाने इन्सुलिन वाढवायचं नाही, घरच्यांना किंवा डॉक्टरांना फोन करायचा. चेहरा एका बाजूला ओघळला, हात उचलेना, बोबडी वळली, तर "झोपले की बरं वाटेल" म्हणू नका. शेवटचे नीट कधी होते ती वेळ लिहून घ्या आणि १०८ बोलवा. हा मेंदूचा झटका असू शकतो, आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

बारा तासांची ड्यूटी की चोवीस, सुट्टी कोणत्या वारी, पेशंटची कामं करायची की घरभराची धुणीभांडीही, हे कामावर पाठवणाऱ्या ब्युरोकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. आणि एक साधी वही जवळ ठेवा: औषध, जेवण, लघवी-शौच, वेळेसकट. रात्रीच्या ड्यूटीची बाई आली की तिच्या हातात वही द्या आणि पेशंटजवळ दोघींनी मिळून एकदा वाचा.