लॅपटॉप आणि केबलच्या साहाय्याने इंजिनातील दोष कसा शोधावा

डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, तेव्हा इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाने, म्हणजे ईसीयूने, एखाद्या दोषाची नोंद केलेली असते. ती वाचण्यासाठी लॅपटॉप, ओबीडी-२ (गाडीतील दोष वाचण्याची प्रमाणित व्यवस्था) केबल आणि सॉफ्टवेअर एवढे साहित्य पुरते. ही व्यवस्था नव्या गाड्यांसाठी अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी २००१पासून सक्तीची झाली. गाडी त्याआधीची असल्यास तिला ही केबल चालेल का, हे खरेदीपूर्वीच पाहावे. ईएलएम३२७ चिपवर आधारित यूएसबी केबल सर्वसाधारण कामासाठी पुरेशी ठरते. जुन्या धाटणीची, केवळ के-लाइन या जुन्या संपर्कपद्धतीवर चालणारी केबल मात्र कॅन या नव्या संपर्कपद्धतीच्या गाडीशी बोलूच शकत नाही.

केबलचा ड्रायव्हर आधी लॅपटॉपवर बसवावा, मग केबल यूएसबीला जोडून तिला मिळालेला कॉम पोर्टचा क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहावा आणि तोच सॉफ्टवेअरमध्ये निवडावा. गाडीतील १६ पिनांचे सॉकेट बहुधा स्टिअरिंगखाली असते. तेथे केबल लावून इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करावे. संपर्क झाला नाही, तर सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनवर बॅटरीचा व्होल्टेज येतो का, हे मल्टिमीटरने तपासावे. तो नसल्यास फ्यूज उडालेला असण्याची शक्यता मोठी.

संपर्क झाला की सॉफ्टवेअर नोंदलेले दोष कोडच्या रूपात दाखवते. कोड दिसताच ते पुसण्याचा मोह आवरावा. दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरील भार फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेला असतो आणि कोडबरोबर तोही पुसला जातो. म्हणून सर्व माहिती आधी लिहून किंवा साठवून ठेवावी.

कोड लक्षण सांगतो, खराब झालेला भाग नव्हे. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी. तो पाहून अनेक जण ऑक्सिजन सेन्सरच बदलतात, पण बिचारा सेन्सर बहुधा खरे तेच सांगत असतो. अशा वेळी इंजिन गरम करून फ्युएल ट्रिमचे, म्हणजे ईसीयू इंधनाच्या प्रमाणात करत असलेल्या दुरुस्तीचे, अल्पकालीन व दीर्घकालीन आकडे पाहावेत. दोहोंची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलिंगला ती अधिक २० असून २५०० आरपीएमला ५पर्यंत उतरत असेल, तर व्हॅक्यूमच्या नळीतून किंवा इनटेकच्या गॅस्केटमधून हवा आत शिरत असावी, कारण इंजिन जास्त हवा ओढू लागले की त्या गळतीचा वाटा नगण्य होतो. उलट भार वाढेल तशी बेरीज वाढत गेली, तर इंधनाचा फिल्टर, पंप किंवा मळलेला एअरफ्लो (आत येणारी हवा मोजणारा) सेन्सर तपासावा.

पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे), याची परीक्षा त्याहून सोपी आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इग्निशन कॉइल असल्यास, इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी. नंतर पी०३०२ आला, तर दोष कॉइलचाच.

इंजिन चालू ठेवून करायची तपासणी बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये, आणि गाडी चालवताना आकडे पाहायचे असल्यास लॅपटॉप शेजारी बसलेल्या व्यक्तीकडे द्यावा व केबल पेडलांपासून दूर ठेवावी. दुरुस्तीनंतरच कोड पुसावेत आणि काही दिवस नेहमीप्रमाणे गाडी चालवून प्रलंबित (नोंदलेले, पण अजून दिवा न लावलेले) कोड पुन्हा वाचावेत, कारण अनेक दोष सलग दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय दिवा लागत नाही.