गोळा खाताना कपाळात कळ आली तर

तलावपाळीवर बर्फाचा गोळा चोखताना कपाळात सणकून कळ येते, तिला ‘ब्रेन फ्रीझ’ म्हणजे मेंदू गोठणं म्हणतात, पण तेव्हा मेंदू गोठलेला नसतो. टाळूला एकदम गार लागलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, लगेच रुंदावतात आणि चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस ते दुखणं कपाळात पोचवते, असं मानतात.

कळ आली की गोळा बाजूला. जीभ टाळूला घट्ट दाबा, नाहीतर कोमट पाण्याचा घोट तोंडात घोळवा. बहुतेकदा मिनिटभरात उतरते, फार तर १० मिनिटांत. गोळी घेऊ नका. तिचा असर सुरू होईपर्यंत दुखणं गेलेलंही असतं.

मायग्रेनवाल्यांना हे जास्त होतं, कधीकधी तर अर्धशिशी उठते त्याच बाजूला. तरी आइस्क्रीम सोडायची गरज नाही. स्ट्रॉ मात्र टाळा, गार धार थेट टाळूवर बसते. लहान घास जिभेच्या टोकावर विरघळवून मग गिळा. गंमत म्हणजे अर्धशिशीत कपाळावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं ठेवला, तर अनेकांना आराम पडतो.

गार काही न खाता अचानक असह्य डोकं दुखलं, बोलणं अडखळलं किंवा हात बधिर झाला, तर तडक हॉस्पिटल गाठा.