नेरीस ओळखायचा तर आधी त्याचा घसा बाहेर काढा

समुद्रातल्या नेरीस कुळातल्या किड्यांची, म्हणजे रॅगवर्मची, जात रंगावरून ठरवू नका. जतन करायला अल्कोहोलमध्ये गेला की हिरवा काय नि तांबूस काय, सगळे सारखेच फिकट. डोक्यावर चार डोळे, दोन छोट्या स्पर्शिका, दोन जाड पाल्प (तोंडाजवळचे मांसल अवयव) आणि लगेच मागे लांब तंतूंच्या चार जोड्या दिसल्या, की कूळ जवळपास पक्कं. जातीसाठी मात्र घसाच बघावा लागतो.

म्हणून जिवंत नमुना थेट फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायच्या द्रावणात) टाकू नका, तो आक्रसून घसा आत ओढून घेतो. आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात सैल पडू द्या, मग डोक्यामागे चिमट्याने हळूच दाबा. सोंडेसारखा घसा उलटून बाहेर येतो; टोकाला दोन काळपट वाकडे जबडे आणि भोवती बारीक दात. ते कुठल्या भागावर आहेत, किती आहेत आणि कसे आहेत, हे टिपून घ्या. याच कुळातल्या पेरिनेरीस गटात घशाच्या जबड्यांपासून दूरच्या वलयावर, वरच्या बाजूला, आडव्या पट्टीसारखे दात असतात. प्लॅटिनेरीस गटात दातांच्या कंगव्यासारख्या बारीक ओळी. नमुना जुना आणि घसा आतच असेल, तर पोटाकडून बारीक कात्रीने चिरा. पाठीकडून चिरलंत तर काही दात कापले जातात (हे मी एकदा केलंय).

शरीराच्या मध्यावरचा एक पार्श्वपाद, म्हणजे बाजूचा पायासारखा अवयव, कापून ग्लिसरिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघा, त्याच्या राठ केसांचा आकारही उपयोगी पडतो. डोळे फार मोठे आणि मागचे पाय वल्ह्यासारखे पसरट दिसले तर वेगळी जात समजू नका. प्रजननकाळात त्याच किड्याचं रूप असं पालटतं.